कसाव्याला कीड लागत नाही, हा समज चुकीचा आहे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. साबुदाणा ज्या कंदापासून तयार होतो त्या कसाव्याच्या पानांत सायनाइड असल्याने त्याला कीड लागत नाही, पपईवरची कीड त्यावर येत नाही, तमिळनाडूतल्या सेलमहून मिळेल ते बेणे आणून लावावे आणि चुकून कीड दिसलीच तर एका जालीम फवारणीत ती संपते, असे त्यात म्हटले आहे. गुलाबी बोंडअळीने हैराण झालेल्या शेतकऱ्याला हे वाचून धीर येणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सायनाइडचा मुद्दा अर्धाच खरा आहे. कसाव्याच्या पानांत आणि कंदाच्या सालीत लिनामारिन नावाचे द्रव्य असते. पेशी चिरडली गेली की झाडातीलच एक विकर (एन्झाइम) त्यावर क्रिया करते आणि त्यातून विषारी हायड्रोसायनिक आम्ल सुटते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने याच पानांपासून ‘नन्मा’ आणि ‘मेन्मा’ यांसारखी जैविक कीटकनाशके तयार केली आहेत. कदाचित तेथूनच हा समज पसरला असावा. मात्र विष सुटण्यासाठी पेशी फुटावी लागते. कसाव्यावर येणाऱ्या पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी या किडी पान चावत नाहीत. सुईसारखी सोंड पेशींच्या फटींतून अलगद रसवाहिनीपर्यंत नेऊन त्या रस शोषतात. इतकेच कशाला, दक्षिण अमेरिकेत, म्हणजे कसाव्याच्या मूळ प्रदेशात, पानेच्या पाने फस्त करणारी एक मोठी अळी या पिकाची जुनी शत्रू आहे.

पपईची कीड कसाव्यावर येत नाही, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळला आणि पपई व तुतीबरोबर कसाव्यावरही पसरला. शहाद्याच्या पपईपट्ट्यात कसावा लावू पाहणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. कसाव्यावर येणारा लाल कोळी हा कीटक नव्हे, पण कोरड्या, तापलेल्या हवेत तोही वाढतो. आणि आपला उन्हाळा कसा असतो हे खानदेशात कोणाला सांगायला नको.

बेण्याविषयीचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कसाव्याची लागवड खोडाच्या कांड्यांपासून होते, त्यामुळे पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पाडणाऱ्या मोझॅक रोगाचे विषाणू बेण्याबरोबरच शेतात येतात आणि पुढे पांढरी माशी त्यांचा प्रसार करते. कसाव्याचा खास पिठ्या ढेकूणही कांडीवर बसून दूरवर जातो. या किडीची मादी नराशिवाय अंडी देते, म्हणून वंश वाढायला एक पिल्लूही पुरेसे ठरते. ही कीड २०२० मध्ये केरळमधील त्रिशूर येथे प्रथम नोंदवली गेली आणि नंतर तमिळनाडूतही आढळली. त्या राज्यातील सेलम हा जिल्हा साबुदाणा उद्योगाचे केंद्र आहे, आणि संदेश बेणे नेमके तेथूनच आणायला सांगतो.

राहिला जालीम फवारणीचा प्रश्न. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट आवरण असते आणि तो आखडलेल्या शेंड्यात दडतो, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्याला मारणारे मित्रकीटक मात्र उघड्यावर असल्याने मरतात. आफ्रिकेत १९७० च्या दशकात कसाव्याच्या याच खास पिठ्या ढेकणाने कसाव्याची शेती उद्ध्वस्त केली. त्याला आवर घातला तो पॅराग्वेमध्ये सापडलेल्या अनागायरस लोपेझी या इवल्या परोपजीवी गांधीलमाशीने, आणि त्या मोहिमेचे नेतृत्व करणारे हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. थायलंडनेही हाच मार्ग धरला. बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेने ही गांधीलमाशी आफ्रिकेतील बेनिन देशातून आणली आणि २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील येथापूर येथे शेतात सोडली. फवारणीचा धडाका लावला तर या माशीचाच आधी बळी जाईल.

तरीही कोणाला कसावा लावून पाहायचा असेल, तर बेणे रोगमुक्त मळ्यातूनच घ्यावे, प्रत्येक कांडीचे डोळे निरखून पांढरा कापसासारखा थर दिसल्यास ती जाळून टाकावी आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला शेंडे पाहावेत. पाने गुच्छासारखी आखडलेली आणि पेरे आखूड झालेली दिसली, तर तो शेंडा खुडून पिशवीत भरावा व शेताबाहेर नेऊन नष्ट करावा.