नूवो नको म्हणजे नको!

लिनक्सवर चालणारं मशीन माझं, ग्राफिक्स कार्ड माझं, आणि त्या कार्डावर कुठला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, चढवायचा हे मी लेखी सांगून ठेवलंय. ड्रायव्हर चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या फाइलमध्ये लिहून दिलंय, मशीन सुरू करणाऱ्या ग्रबच्या ओळीत लिहून दिलंय. तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की ये रे माझ्या मागल्या! कधी नको म्हटलेला नूवो हा खुला ड्रायव्हर येऊन बसतो, कधी तो आणि मला हवा असलेला एनव्हिडिया कंपनीचा, दोन्ही गायब होतात आणि काळ्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकत राहते. आणि यातलं काहीही होताना आधी सांगायची तसदी कुणी घेत नाही. माझा संताप आहे तो यावर.

सातपूरला आमचं पॅकेजिंग डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. जानेवारी ते एप्रिल आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. निफाड, दिंडोरीकडचे द्राक्षवाले येतात, पेटी आणि पनेटची, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या डब्यांची, लेबलं करून घेतात. हल्ली सपाट चित्र दाखवून कुणाचं समाधान होत नाही. पेटी बंद कशी दिसेल, उघडी कशी दिसेल, वरच्या प्लास्टिकवर उजेड कसा पडेल, सगळं बघायचं असतं. ते आम्ही ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये करतो. कार्ड आहे जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ सालचं. जुनं असलं तरी आमच्या कामाला पुरून उरतं, फक्त त्याला एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. नूवो चढला की ब्लेंडरच्या सिस्टीम सेटिंगमध्ये कूडाच्या (कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची सोय) रकान्यात एकच वाक्य येतं, चालण्याजोगं कार्ड सापडलं नाही. कार्ड कॅबिनेटमध्ये समोर दिसतंय, मॉनिटरची वायर त्यातच खोचलेली आहे, आणि हा म्हणतो सापडलं नाही!

आतमध्ये काय चालतं ते सांगते, कारण राग नेमका कुठे आहे ते त्याशिवाय कळणार नाही. कर्नल सुरू होताना पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं जोडायच्या मार्गावर, कोण कोण आहे ते पाहतो. प्रत्येक कार्डाला कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर असतो. एनव्हिडियाचा १०डीई, एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६. यूडेव्ह हा हार्डवेअरवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम तो नंबर मॉडप्रोबकडे देतो, आणि एलियासच्या, म्हणजे कुठला नंबर कुणाचा हे सांगणाऱ्या, यादीत त्या नंबरावर ज्या ड्रायव्हरने नाव लावलंय तो आपोआप लोड होतो. फार चांगली सोय आहे ही. वायफाय, साउंड, नेटवर्क कार्ड न सांगता चालतं ते हिच्यामुळेच. घोडं अडतं ते एकाच नंबरावर दोघांनी नाव लावलं की. नूवोही म्हणतो १०डीई माझा, एनव्हिडियाचा ड्रायव्हरही म्हणतो माझा. एमआयडीसीतल्या एका गाळ्यावर दोघांनी हक्क सांगावा आणि जो आधी कुलूप उघडेल त्याचा गाळा, असा हा न्याय. एकदा नूवोने स्क्रीन ताब्यात घेतली की दुसऱ्याला कार्ड मिळत नाही, आणि चालू मशीनवर नूवोला काढायला जावं तर उत्तर येतं, मॉड्यूल (म्हणजे हा ड्रायव्हरच) वापरात आहे.

नूवो लिहिणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कंपनीने कागदपत्रं दिली नाहीत, तेव्हा या लोकांनी कार्ड कसं वागतं ते बघून बघून, उलट्या बाजूने ड्रायव्हर लिहून काढला. २०१० मध्ये तो २.६.३३ या कर्नलमध्ये आला. नवीन लिनक्स टाकताना पहिल्यांदा स्क्रीन दिसते ती त्यांच्या कष्टामुळे. पण २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने फर्मवेअरला, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामला, कंपनीची डिजिटल सही लावली. तेव्हापासून माझ्या पिढीपर्यंतच्या कार्डांवर नूवोला घड्याळाचा, म्हणजे कार्डाच्या कामाचा, वेग वाढवताच येत नाही. कार्ड सुरू होताना ज्या मंद गतीला असतं, तिथेच दिवसभर राहतं. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग खुला केला, सगळीकडे आनंदीआनंद झाला. तो ट्युरिंग या पिढीपासून पुढच्या कार्डांना. माझं त्याआधीच्या पास्कल पिढीचं, म्हणजे आमच्या हाती भोपळा. त्यात पास्कलला सांभाळणारी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. पुढच्या मालिकेचा ड्रायव्हर अपडेटमधून येऊन बसला तर तो या कार्डाला ओळखणारच नाही.

ठीक आहे. नूवो नको, असं सांगायचं. कुठे सांगायचं? इथून छळ सुरू होतो.

एक जागा म्हणजे ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधलं मॉडप्रोब-डी. दुसरी यूएसआर-लिबमधलं मॉडप्रोब-डी, जिथे पॅकेजवाले आपल्या फाइली टाकतात. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर ईटीसीमधली चालते, दुसरी गुपचूप बाजूला पडते. फाइलच्या नावाला शेवटी डॉट-कॉन्फ नसेल तर ती वाचलीच जात नाही. तिसरी जागा ग्रब, तिथेही एकाच कामाला तीन तऱ्हा. मॉडप्रोब-डॉट-ब्लॅकलिस्ट मॉडप्रोब वाचतो, मॉड्यूल-अंडरस्कोर-ब्लॅकलिस्ट खुद्द कर्नल वाचतो, आणि आरडी-डॉट-ड्रायव्हर-डॉट-ब्लॅकलिस्ट ड्राकट हे बूटच्या तयारीचं साधन वाचतं. शिवाय कुणीतरी नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरला स्क्रीन सेट करू देऊ नका, असं सांगणारा शब्द) लिहून ठेवलेलं असतं, ते वेगळंच.

आणि एवढं करून फाइलमध्ये ब्लॅकलिस्ट नूवो लिहिलं, तर ते फक्त नंबर जुळवून आपोआप होणाऱ्या लोडिंगपुरतं! कुणी थेट नावाने हाक मारली, किंवा दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलला त्याची गरज पडली, की स्वारी आत. खरोखर दार लावायचं तर इन्स्टॉलने सुरू होणारी ओळ लिहायची आणि नूवोच्या जागी फॉल्स ही कमांड चालवायची, म्हणजे लोड करायला गेलेला प्रत्येक जण अपयश घेऊन परत येतो. हे मॅन्युअलमध्ये आहे. पण साधा माणूस ब्लॅकलिस्टची ओळ लिहितो आणि निर्धास्त होतो, आणि त्याने निर्धास्त होणं अगदी रास्त आहे. नको म्हटलेलं यंत्राला एकदाच कळलं पाहिजे. त्यासाठी मी आणखी किती जागी अर्ज करायचे?

बरं, लिहिलेलं लगेच लागू होतं का? नाही. मशीन सुरू होताना आधी इनिटरामएफएस नावाची छोटी पुडी उघडते, आणि त्या पुडीत या सगळ्या फाइलींची जुनी नक्कल असते. तुम्ही ईटीसीमध्ये काहीही लिहा, पुडी नव्याने बांधल्याशिवाय आतल्या मॉडप्रोबला पत्ताच नसतो. नूवो त्या पुडीतूनच, मूळ डिस्क उघडायच्या आधी चढून बसतो. पुडी बांधायची कमांडही गावागणिक, म्हणजे लिनक्सच्या प्रकारागणिक, वेगळी. डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरामएफएस, फेडोराकडे ड्राकट, आर्चवर एमकेइनिटसीपीओ. डेबियनवाली कमांड सर्व कर्नल असं वेगळं सांगितल्याशिवाय सगळ्यांची पुडी बांधत नाही, म्हणजे ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडला की जुनाच घोळ पुन्हा समोर. फाइल सेव्ह करताना एक ओळ दाखवता येत नाही, की बाई, हे अजून लागू झालेलं नाही?

पण यातलं काहीच त्या एका गोष्टीसमोर नाही, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलेय.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस नावाचा प्रोग्राम तो माझ्या मशीनवर नव्याने बांधतो. हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसतील, कंपायलर (बांधणी करणारा प्रोग्राम) जुळला नाही, कर्नलच्या आत काही बदललं, तर तो बांधला जात नाही. होतं असं. पण नूवो नको ही ओळ मात्र तशीच राहते! म्हणजे नवा कर्नल आला, त्याच्यासाठी ड्रायव्हर तयार झाला नाही, नूवोला दार बंद, आणि हा बिनड्रायव्हरचा कर्नल ग्रबमध्ये पहिल्या नंबरावर. हा निर्णय कुणी घेतला? मी नाही घेतला. बांधणी फसली ही नोंद डीकेएमएसच्या फोल्डरमध्ये, मेक-लॉग नावाच्या फाइलमध्ये पडून असते. ती उघडून बघायचं कारण मला कसं कळावं? सुरक्षेच्या अपडेट काही डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या काही प्रकारांत) मागच्या मागे बसतात, मशीन आठवडाभर जुन्याच कर्नलवर सुखाने चालू असतं, आणि मग लाइट जाते, नि मशीन पुन्हा उठतं ते नव्या कर्नलवर.

परवा तेच झालं. दिंडोरीचे एक बागाईतदार समोर खुर्चीत बसलेले, सोबत मुलगा. मी पेटी स्क्रीनवर फिरवून दाखवत होते आणि लाइट गेली. यूपीएसने दम धरला तेवढा धरला. लाइट आली, मशीन चालू केलं, आणि काळी स्क्रीन. काका शांत माणूस. म्हणाले, “ताई, सावकाश होऊ द्या.” कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून टर्मिनल मिळालं. एलएसपीसीआय ही कार्डांची यादी दाखवणारी कमांड मारली. कार्डाच्या खाली कर्नल मॉड्यूल्सच्या ओळीत नूवोचं नाव आहे, आणि वापरात असलेला ड्रायव्हर सांगणारी ओळच नाही. म्हणजे कार्ड बेवारस. डाव्या हातात मोबाइल, त्यावर शोधायचं, उजव्या हाताने एकेक अक्षर टायपायचं, कारण कॉपी-पेस्ट करायला ग्राफिक्सच नाही. शेवटी ग्रबमधून जुना कर्नल निवडून पेटी दाखवली. काकांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण त्यांचं पुढचं काम कूलिंगवाल्याकडे होतं आणि त्यांचा अर्धा दिवस माझ्या टेबलासमोर गेला. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही चालू न देणारी सोय, चालू असेल तर आणखी एक सोपस्कार. बांधलेल्या मॉड्यूलला सही नसली की कर्नल त्याला उभाच करत नाही. सहीची किल्ली नोंदवायला रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, काही सेकंदात बटण दाबलं नाही तर ती निघून जाते आणि मशीन नेहमीसारखं पुढे बूट होतं. नवख्या माणसाला वाटतं, चुकून काहीतरी आलं होतं, गेलं.

एएमडी घ्या, सुटाल, असं सांगणाऱ्यांनीही जरा थांबावं. त्यांच्या जीसीएन या रचनेच्या पहिल्या पिढ्यांच्या कार्डांना रेडिऑन आणि एएमडीजीपीयू असे दोन ड्रायव्हर चालतात, आणि नव्याकडे जायचं म्हणून लोक वर्षानुवर्षं एका मॉड्यूलला एसआय-सपोर्ट शून्य आणि दुसऱ्याला एसआय-सपोर्ट एक असं ग्रबमध्ये लिहीत आलेत. दुखणं तेच. आणि सीझनच्या तोंडावर नवं कार्ड घ्यायला पैसे कुठून आणायचे, हेही त्यांनीच सांगावं.

दुकानात मशीन नेलं की तिथला भाऊ पहिलं वाक्य बोलतो, “ताई, विंडोज टाकून देऊ का?” त्याला दोष देत नाही, त्याला रोज तेच विचारतात. मला खरी चीड येते ती जाणकारांची. “हे तर सोपं आहे, एक फाइल लिहायची.” कुठली फाइल, कुठल्या फोल्डरात, नंतर काय चालवायचं, यावर मौन. किंवा चार वर्षांपूर्वीची, भलत्याच डिस्ट्रोची कमांड पुढे करतात. लोक ती मुकाट मारतात आणि असलेली स्क्रीनही घालवून बसतात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

गंगापूर रोडला आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यांचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हतं. चांगल्या चालत्या मशीनचा कचरा का करायचा म्हणून त्यांना लिनक्स टाकून दिलं. सर खूश होते. पेन्शनचे कागद, नातवाशी व्हिडिओ कॉल, जुन्या नोट्स टाइप करणं, सगळं जमायला लागलं. मग त्यांचा फोन आला, “अगं, हे काळंच पडलंय, माझ्याकडून काही बिघडलं का?” सरांनी अपडेट करा या बटणावर क्लिक केलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, सांगितलेलं नीट पाळल्यावर, माझ्याकडून काही बिघडलं का असं विचारावं लागतं, हे मला सहन होत नाही. कोड खुला आहे, ठीक. सरांनी आता काळ्या स्क्रीनसमोर बसून तो वाचायचा का?

मागणी काही जगावेगळी नाही. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधला गेला नाही, तर त्या कर्नलला ग्रबमध्ये पहिला नंबर देऊ नका. जुना चालतोय, तोच राहू द्या, आणि स्क्रीनवर समजेल अशा भाषेत सांगा. मी निवडलेला ड्रायव्हर काही कारणाने चढलाच नाही, तर त्या एका वेळेपुरता नूवोला आत घ्या. मंद का होईना, स्क्रीन तर दिसेल. हे अशक्य नाही. फेडोरासाठी आरपीएम फ्यूजनवाले जी पॅकेजं देतात त्यात नेमकी अशी सोय आहे, एनव्हिडियाचं मॉड्यूल सापडलं नाही की संदेश दाखवून नूवोवर जाते. मग ती सगळीकडे का नाही? आणि एक कमांड द्या, एकच, जी सांगेल की हा ड्रायव्हर कुणाच्या सांगण्यावरून चढला, कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीने अडवला, आणि पुडीतली नक्कल ताजी आहे की शिळी. आज हे शोधायला मॉडप्रोबची सेटिंग एकीकडून काढा, पुडी उघडून दुसरीकडे बघा, बूटची ओळ तिसरीकडे वाचा, आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, पालथी घाला.

तोवर मी आमच्या ऑफिसच्या सगळ्या मशीनवर कर्नलचं पॅकेज होल्डवर टाकलंय. म्हणजे सुरक्षेचे पॅचही अडकले. मला कळतंय की हे धोक्याचं आहे, त्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या फाइली आहेत, बिलं आहेत. पण एप्रिलपर्यंत पेट्या छापून गेल्या पाहिजेत. सुरक्षित मशीन आणि दिसणारी स्क्रीन यांतलं एकच घ्या, असं माझ्यासमोर ठेवलं गेलंय, आणि द्राक्षं कुणासाठी थांबत नाहीत.