पिवळा डबा आणि सहा टोप्या

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, आता फक्त जायचं कुठे एवढंच ठरवायचं. पहिल्याच मुक्कामी बाजूच्या विजेच्या खांबाशी उभे असलेले एक आजोबा आमच्या केबलकडे बघून म्हणाले, "थेट लावता? मध्ये काहीच नाही?" मी विचारलं, मध्ये काय असायला हवं? त्यावर ते बोलले नाहीत, नुसतेच हळहळले. त्या हळहळीने माझे पुढचे दोन महिने खाल्ले.

तोवर माझी समजूत अशी, की प्लग आत गेला म्हणजे वीज आली. वाचायला बसले आणि झोप उडाली. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर दोन तऱ्हेची मोठी सॉकेटं असतात, ३० अँपिअरचं आणि ५० अँपिअरचं. ऐकून वाटतं, दीड-पावणेदोनपटीचा फरक असेल. प्रत्यक्षात ५० वाल्यांना १२० व्होल्टच्या दोन फेज मिळतात, म्हणजे १२,००० वॅट. आमच्या ३० वाल्या गाडीला एकच फेज, ३,६०० वॅट. एवढं गरीब असून पुन्हा सुरक्षित नाही ते नाहीच. कारण ३० वालं सॉकेट दिसायला कपडे वाळवायच्या यंत्राच्या जुन्या सॉकेटसारखं, त्यामुळे एखादा वायरमन सवयीने त्यात २४० व्होल्ट सोडून मोकळा होतो. मग आपण प्लग लावायचा आणि मायक्रोवेव्ह, टीव्ही, चार्जर सगळ्यांना एकाच मुहूर्तावर मोक्ष. श्रीमंतांचं दुःख वेगळं. त्यांची न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटली, तर दोन बाजूंची उपकरणं २४० व्होल्ट आपसात वाटून घेतात आणि ती वाटणी अगदी भाऊबंदकीच्या वळणाची: एकीकडे १७०, दुसरीकडे ७०, दोघेही बरबाद.

नवऱ्याने पाच मिनिटांत एक सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा लोंढा अडवणारा डबा, पसंत केला. "अगं, हा घे. दिवे लागतात याला."

पण दिव्यांवर थोडंच भागतं! डब्यावर ज्यूल लिहिलेले होते. ज्यूलशी माझी शेवटची गाठ शाळेत पडली होती आणि तेव्हाही आमचं फारसं जमलं नव्हतं. एक डबा हजार ज्यूलचा, दुसरा चार हजारांचा. कळलं ते असं, की आत मेटल ऑक्साइड व्हेरिस्टर नावाचे छोटे तुकडे असतात. विजेचा लोंढा आला की ते तो स्वतःवर घेतात आणि प्रत्येक खेपेला थोडे थोडे झिजत जातात. दधीची ऋषींच्या घराण्यातलेच. ज्यूल म्हणजे त्यांची एकूण सोसण्याची ताकद. आकाशातली वीज सरळ अंगावर कोसळली तर मात्र कुठल्याच डब्याचं काही चालत नाही.

हे सगळं पाठ झाल्यावर उलगडलं, की लोंढा हा पाहुणा तसा क्वचितच येतो. रोजचा छळ कमी व्होल्टेजचा. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्या गाड्यांचे एसी एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि आतल्या आत भाजून निघतो. साध्या सर्ज प्रोटेक्टरला हे दिसलं तरी तो ढिम्म. वीज तोडणारा डबा निराळा, महाग आणि जड. तो न्यूट्रल बघतो, अर्थिंग बघतो, उलटी जोडणी पकडतो आणि व्होल्टेज १०४ च्या खाली गेलं की सरळ संप पुकारतो. माझं मत विचाराल तर घ्यायचा तर हाच. नाहीतर नुसते दिवे बघायला कंदीलही चालेल.

गाडीच्या आत कायमचा बसवायचा की खांबाला टांगायचा, यावर एक रविवार गेला. आत बसवायचा तर मुख्य केबल कापावी लागते, आणि नवऱ्याच्या हातात केबल आणि करवत एकाच वेळी द्यायला मी तयार नव्हते. खांबाचा ठरला, पिवळ्या रंगाचा. मग समजलं की खांबावरचे डबे चोरीला जातात. म्हणून साखळी आणि कुलूप. राखणदाराला बांधून ठेवून आम्ही निश्चिंत झोपलो.

टायरचं प्रकरण याच्यानंतरचं. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून नव्या हलक्या गाड्यांना हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण १०,००० पौंडांपेक्षा जड गाड्यांना नाही, आणि मागे जोडचाकं असली तरी नाही. आमची गाडी दोन्ही कसोट्यांवर नापास. वास्तविक जोडचाकालाच गरज जास्त. आतला टायर बसला तरी बाहेरचा त्याचं ओझं मुकाट उचलतो, बघून काही कळत नाही. एकत्र कुटुंबात असतं तसंच. शेवटी बाहेरचाही फुटतो.

आम्ही टोपीसारखे सेन्सर घेतले, सहा व्हॉल्व्हवर सहा. लगेच उपप्रश्न. रबरी व्हॉल्व्हवर वजनदार टोपी बसवली की चाक फिरताना तो हेलकावे खातो, म्हणून व्हॉल्व्ह धातूचे करून घेतले. मागच्या टोप्यांचा सिग्नल पुढे पोचेना, म्हणून मध्ये तो पुढे ढकलणारा रिपीटर आला.

मागच्या टायरांत थंड असताना ८० पीएसआय हवी. मी हुशारीने वरची मर्यादा ९० ठेवली. तासाभरात हायवेवर यंत्राने आकांत मांडला. गाडी कडेला घेतली, धावत मागे गेलो. टायर ठणठणीत. चालून गरम झाल्यावर हवा चढतेच, उन्हाकडच्या बाजूला तर जरा जास्तच. नवरा हवा सोडायला वाकला होता, मी हात धरला. गरम टायरमधली हवा सोडली की सकाळी तो बसलेलाच मिळायचा.

आणि एका पहाटे पाच वाजता खरंच अलार्म झाला. डावीकडचा आतला, ६३. मी टॉर्च, गेज आणि साबणाचं पाणी घेऊन चाकामागे उकिडवी बसले. टायरला खिळा नाही, चीर नाही. फेस येत होता तो सेन्सरच्याच बुडाशी. ही टोपी दाब मोजायला व्हॉल्व्ह उघडा ठेवते. ती तिरकी बसली की हवा तिच्यातूनच निघून जाते. कुंपणच शेत खात होतं, आणि वर शेत कमी झाल्याची वर्दीही तेच देत होतं.

शेजारच्या जुनाट गाडीवाला कॉफीचा कप घेऊन हे बघत होता. मी सविस्तर सांगितलं. त्याने आपल्या एका टायरला बुटाने लाथ मारली, आवाज ऐकला, मान डोलावली आणि आत गेला.

त्याच दिवशी दुपारी ऊन असं तापलं की पत्र्याला हात लावता येईना. पिवळ्या डब्यावर १०७, १०५, १०३. खट्ट! एसी बंद. दोनेक मिनिटांनी डब्याने पुन्हा वीज दिली, एसी घरघरला, व्होल्टेज बसलं, खट्ट! असं सहा वेळा. सातव्या वेळी मीच एसीचं बटण बंद केलं. सगळी उपकरणं सुखरूप होती, आम्ही दोघं उकडून निघत होतो. शेजाऱ्याचा एसी मात्र अखंड गुणगुणत होता. त्याची केबल थेट खांबात, मध्ये काहीच नाही. आमचा बंद पडल्यामुळे त्याच्या वाट्याला एखादा व्होल्ट वाढूनच आला असणार.

त्याने खिडकीतून हात केला. आम्ही गेलो. त्याच्या गारव्यात ऐसपैस बसून मी त्याला समजावलं, की इतक्या कमी व्होल्टेजवर एसी चालवणं कॉम्प्रेसरला किती घातक असतं. नवऱ्याने दधीचीचा दाखलाही दिला.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून गार करू?"

आम्ही हो म्हटलं.