काका, भाजी फोडणीच्या आधी काढा

नमस्कार काका,

कुत्र्यांना भाज्या घालण्याबद्दल मी लिहिलेल्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. कुत्रा मांसाहारी, त्याला गाजर-भोपळा म्हणजे शहरातली थेरं. देवगडच्या तुमच्या घरी तीन पिढ्या कुत्रे कालवण-भातावर वाढले, कांदा-लसूण कोणी वेचून काढली नाही आणि सगळे खणखणीत जगले. वर हा टोला: "लांडगा काय मंडईत जातो?"

टोला झकास आहे. पण तुमच्याच दोन मुद्द्यांचं आपसात पटत नाही. कुत्रा निव्वळ मांसाहारी असता तर तीन पिढ्या भातावर निभावल्या नसत्या. पिष्ट पचवणारं अमायलेज ज्या जनुकामुळे तयार होतं, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. हे २०१३ साली 'नेचर'मध्ये छापून आलंय. माणसाच्या चुलीजवळ राहून तो बदलला. मासे-मटण त्याला हवंच, त्यावर माझा वाद नाही. भाजी दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे नेऊ नका, असंच मीही म्हणतो.

आता कांद्याकडे येऊ, कारण खरं भांडण तिथेच आहे.

कांदा-लसणीतली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, त्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. शिजवून, भाजून, तळून हे जात नाही. उलट वाटणासाठी कांदा भाजला की त्यातलं पाणी उडतं आणि चमचाभर वाटणात बराच कांदा मावतो. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्त बिघडवायला पुरतो. लसूण त्याहून कडक. अलिबागचा पांढरा कांदा गोड, म्हणून चालेल असं मला एकाने कळवलं होतं. नाही चालणार, गोड असला तरी तो कांदाच.

मग तुमचे कुत्रे कसे जगले? हिशेब करा. २० किलोच्या राखणीच्या कुत्र्याला बाधायला एका वेळी पाव किलोच्या वर कांदा पोटात जायला हवा. त्याच्या वाट्याला काय येत होतं? उरलेला भात, माशाचं डोकं आणि भात ओला होण्यापुरतं कालवण. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणात तर आपल्याकडे कितीतरी घरांत कांदा पडतच नाही. तेव्हा तुमच्या आजीने कांदा वेचला नाही हे खरं, पण वेचण्याइतका तो होता का? आज त्याच देवगडात पाच किलोचा पॉमेरियन सोफ्यावर बसून हॉटेलातल्या चिकनची ग्रेव्ही चाटतो. त्याला ७५ ग्रॅम पुरे, म्हणजे एक बेताचा कांदा. आणि एकदाच भरपूर खाल्ला तरच बाधतो असंही नाही, रोज थोडा थोडा गेला तरी रक्तावर परिणाम होतो.

"आमचा एकही कांद्याने मेला नाही" हे कळलं कसं, हाही माझा प्रश्न आहे. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात. कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. गोचीडतापातही नेमकं हेच दिसतं, आणि गोचीड आपल्याकडे बारा महिने. चार दिवसांपूर्वीचं कालवण कोणाला आठवणार? खापर गोचिडीवर फुटतं, नाहीतर म्हातारपणावर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: भाजी वाईट नाही, तिच्यावर आपण जे घालतो ते वाईट. लाल भोपळा, दुधी, पडवळ, फरसबी, रताळं घरात चिरताच, त्यातल्या चार फोडी फोडणीच्या आधी बाजूला काढा आणि बिनमिठाच्या पाण्यात मऊ शिजवा. वेगळा स्वयंपाक नको, मंडईची खेपही नको. दुधी आणि तवसं (मोठी काकडी) आधी स्वतः चाखून बघा, कडू लागलं तर सरळ टाकून द्या, ते माणसालाही विषारी. सूनबाई कच्चं गाजर घालतात आणि ते जसंच्या तसं बाहेर पडतं, ही तुमची तक्रार रास्त आहे. कुत्रा आपल्यासारखं रवंथ केल्यागत चावत नाही, तुकडे करतो आणि गिळतो. किसून किंवा वाफवून द्यायला सांगा.

चिंचेचं मात्र मनावर घ्या. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं का बिघडवतात याचं कोडं बरीच वर्षं होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि चिंचेत ते भरपूर असतं. म्हणजे चिंच घातलेली आमटी आणि अळूचं फतफतं दोन्ही बाद. कच्च्या अळू-सुरणाने तोंड आणि घसा सुजतो तो वेगळाच. कोकमातलं मुख्य आम्ल निराळं आहे, पण म्हणून सोलकढी पाजू नका, तिच्यात लसूण आणि मिरची असते.

खरं सांगायचं तर कोकणात मला भाजीपेक्षा बाठ्याची धास्ती जास्त. मे महिन्यात अंगणात पडलेला हापूसचा बाठा कुत्रा चघळत बसतो, कोणाचं लक्ष नसतं, आणि गिळला की आतड्यात अडकतो. अख्ख्या आठळ्या आणि मक्याचं दाणे काढलेलं कणीस यांचंही तेच. मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, आणि तालुक्याच्या गावी ती सोय असेलच असं नाही. बाठे झाकणाच्या बादलीत टाका.

शेवटी तुम्ही विचारलंत, कांदा खाल्लाच तर मिठाचं पाणी पाजून ओकवावं का? अजिबात नको. मिठानेच जीव जाऊ शकतो. पशुवैद्यांना लगेच फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: कुत्र्याचं वजन, अंदाजे किती कांदा गेला आणि कधी गेला. ओकवायचं झालं तर ते ठरवतील, आणि त्याचा उपयोग पहिल्या एक-दोन तासांतच असतो, तेव्हा "सकाळी बघू" म्हणू नका.