नऊ दिवस आणि दहा वर्षं

माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आझे तलाव आहे. त्याच्या काठच्या हिरवळीवर काँक्रीटचे तीन अवाढव्य गोळे आहेत, प्रत्येकाचा व्यास साडेतीन मीटर. २०११ साली पुण्याहून इथे जर्मनीत, म्युन्स्टरला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी प्रयोगशाळेतली मैत्रीण म्हणाली, "गोळ्यांपाशी भेटू." मला ते एखाद्या जुन्या बांधकामाचं उरलेलं सामान वाटलं. एका गोळ्यावर कुणीतरी रंगाने डोळे काढले होते आणि त्याच्याच सावलीत एक आजोबा डबा उघडून बसले होते. क्लेस ओल्डेनबर्ग नावाच्या शिल्पकाराने १९७७ साली ते तिथे ठेवले, हे मला पुढे कित्येक महिन्यांनी कळलं. तोवर मीही लोकांना गोळ्यांपाशीच भेटत होते.

हे आठवायचं कारण म्हणजे भाच्याचा व्हिडिओ कॉल. तो डोंबिवलीहून लोकलने मुंबईतल्या काळा घोडा कला महोत्सवाला गेला होता आणि रॅम्पार्ट रोवरच्या गर्दीतून मला एकेक मांडणी दाखवत होता. रात्री घरी पोचल्यावर पुन्हा फोन आला, तेव्हा मागून दादाचा आवाज, "जत्रा आहे नुसती. फोटो काढायचे आणि वडापाव खाऊन परत यायचं. एवढ्या पैशात खड्डे बुजले असते. आणि त्यातलं कुणाला काय कळतं?" भाचा उसळला, "बाबा, फुकट बघायला मिळतंय, तेही तुला नको!" मग दोघांचं जुंपलं. महाराष्ट्रात रस्त्यावरच्या कलेवर बोलणं निघालं की वाद याच तीन खुंट्यांना अडकतो: गर्दी, पैसा आणि "कळत नाही". फोनवर मला सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

दादाचा खड्ड्यांचा मुद्दा मी ज्या शहरात राहते तिथे पन्नास वर्षांपूर्वी असाच मांडला गेला होता. जॉर्ज रिकी यांचं वाऱ्यावर फिरणारं तीन चौकोनांचं पोलादी शिल्प घ्यायचं शहराने ठरवलं. किंमत एक लाख तीस हजार मार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन. लोक भडकले. हा पैसा कुठल्या पत्र्यांवर उधळताय, असा सूर होता. शेवटी एका बँकेने ते विकत घेऊन १९७५ साली शहराला भेट दिलं. तिथल्या संग्रहालयातले क्लाउस बुसमान यांनी या रागावर काय केलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी लोकांना अडाणी ठरवलं नाही. आधुनिक शिल्पकलेवर व्याख्यानं ठेवली, आणि प्रदर्शनं मांडणारे कास्पर क्योनिग यांना सोबत घेऊन १९७७ साली प्रदर्शनच उद्यानांत, तलावाकाठी, उघड्यावर आणलं. पुढे ते दर दहा वर्षांनी भरत आलं: १९८७, १९९७, २००७, २०१७. आता २०२७ ची वेळ आहे. प्रवेशाला तिकीट नाही.

त्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी ओल्डेनबर्गचे गोळे तलावात ढकलायचा प्रयत्न केला होता. गोळे हलले नाहीत. आज शहराच्या पोस्टकार्डांवर तेच असतात. हा बदल कुणा समीक्षकाने घडवला नाही. गोळे तिथे राहिले आणि माणसं त्यांच्याभोवती मोठी झाली, एवढंच झालं. दादा, "कळत नाही" याचं उत्तर मला इथे मिळालं. एखादी वस्तू आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवर वर्षानुवर्षं असावी लागते.

काळा घोडा नऊ दिवसांचा. पुणं सोडायच्या आधी दोन वर्षं मी नोकरीसाठी फोर्टात जात असे. महोत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी जहांगीरसमोरून चालले होते. आदल्या संध्याकाळी जिच्यासमोर लोक रांग लावून उभे होते, ती बांबूची आणि रंगीत कापडाची भलीमोठी मांडणी दोन कामगार खाली उतरवत होते. एकजण वर चढून सुतळीच्या गाठी विळ्याने कापत होता, दुसरा कापडाची वळकटी करून टेम्पोत टाकत होता. साडेनऊपर्यंत रस्ता मोकळा झाला आणि दुपारी तिथे गाड्या लागल्या. मला तेव्हा फक्त वाईट वाटलं होतं. आता वाटतं की आपण १९९९ पासून हा महोत्सव भरवतो, लाखो पावलं तिथे येतात, आणि इतक्या वर्षांत डोंबिवलीच्या, गोवंडीच्या, भांडुपच्या एखाद्या चौकात त्यातलं एखादं तरी काम कायमचं जायला हवं होतं.

खरं तर आपल्या लोकांना हे सगळं येतं. त्या भागाचं नावच बघा. एडवर्ड सातव्याचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. राजा गेला, घोडाही गेला, पण मुंबईकरांनी चौकाला दिलेलं "काळा घोडा" हे नाव पन्नास वर्षं जपलं, आणि २०१७ साली तिथे स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. नाव देणं ही मालकीची पहिली खूण आहे. म्युन्स्टरकरांनी गोळ्यांना जे केलं, ते मुंबईकरांनी त्यांच्या आधीच केलं होतं.

इथलं सगळं सोन्यासारखं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. १९८७ साली सॉल लुविट यांनी इथल्या राजवाड्यासमोर काळ्या ठोकळ्यांची एक भिंतवजा आकृती उभी केली आणि ती नाहीशा झालेल्या ज्यूंना अर्पण केली. लोकांना ती नकोशी झाली, आणि १९८८ मध्ये ती पाडली गेली. पुढच्या वर्षी हाम्बुर्गमधल्या आल्टोनाने ती आपल्या टाउन हॉलसमोर उभारून घेतली. ज्या जागी ती हवी होती तिथून ती गेली, याची मला या शहराच्या वतीने आजही खंत वाटते.

आणि याच शहराने नंतर पाउल वुल्फलाही जागा दिली. नाझींनी या माणसाची १९३८ साली, कोवळ्या वयात, सक्तीने नसबंदी केली होती. भरपाईसाठी आणि आपली गोष्ट ऐकली जावी म्हणून तो आयुष्यभर झगडला. २००७ च्या प्रदर्शनात सिल्के वाग्नर यांनी त्याची माणसाहून बरीच मोठी आकृती केली, आणि तिच्या अंगावर जाहिरातीच्या खांबासारखे कागद चिकटवले, त्याच्या लढ्याची माहिती देणारे. प्रदर्शन संपल्यावर नागरिकांनी ती ठेवून घेतली. ते कागद अधूनमधून बदलतात, आणि बसची वाट बघणारी माणसं ते वाचतात. आपल्याकडे चौकात पुतळा म्हटलं की थोर पुरुष, उंच चौथरा, भोवती कठडा, आणि जयंतीला हार. त्यात मनापासूनचा आदर आहे, तो मला माझ्या घरातून मिळाला आहे. पण ज्याच्या अंगावरचा कागद वाचायला जवळ जावं लागतं, असा एखादा गिरणी कामगार लालबागच्या नाक्यावर का असू नये?

२०१७ च्या उन्हाळ्यात आयशे एर्कमेन यांनी इथल्या बंदरात पाण्याच्या पृष्ठभागाखाली, जेमतेम दिसेल न दिसेल असा, एक पूल टाकला. एका काठाला कॅफे, दुसऱ्या काठाला गोदामं. मी बूट हातात घेऊन उतरले. पाणी घोट्याच्या वर, गार, आणि तळव्यांना लोखंडी जाळी टोचत होती. मध्यावर एका अनोळखी म्हातारीने माझं कोपर धरलं ते पलीकडे पोचेपर्यंत सोडलं नाही. लांबून पाहिलं तर माणसं पाण्यावरून चालत होती. तो पूल ऑक्टोबरमध्ये निघाला, आणि निघायलाच हवा होता. म्हणजे सगळं ठेवायचं असा माझा हट्ट नाही. काय ठेवायचं, हे बोलून ठरावं.

त्याच वर्षी निकोल आयझेनमन यांच्या कारंज्याभोवतीच्या एका आकृतीचं डोकं कुणीतरी कापून नेलं, नंतर तिथे स्वस्तिक रंगवलं, नाझींचं. त्यावर इथल्या नागरिकांनी ते कारंजं कायमचं आणण्यासाठी पैसे गोळा करायला घेतले, आणि २०२१ मध्ये ते परत उभं राहिलं. मीही वीस युरो दिले. पैसे भरताना मनात शब्द आला तो "वर्गणी".

वर्गणी हा माझ्या लहानपणाचा शब्द. बाबा मला खांद्यावर घेऊन पुण्यातले हलते देखावे दाखवायला रात्रभर फिरवत. मंडळाची पोरंच महिनाभर मांडवात खिळे ठोकत, मोटार बसवत, एखादा हात अडकला की पडद्यामागून धावत. इथे कलाकार निवडले जातात, लोक नंतर येऊन बघतात. करणारा हात गल्लीतलाच, हे मला इथे कधी दिसलं नाही, आणि त्याची उणीव भासते. म्हणून माझं मागणं साधं आहे. काळा घोड्याने दर वर्षी एक काम फोर्टाबाहेर द्यावं. ते कुठलं, हे त्या वस्तीतल्या मंडळाने कलाकाराबरोबर बसून ठरवावं. दहा वर्षं ते हलवायचं नाही, कितीही भांडणं झाली तरी. आणि डागडुजीचा खर्च पहिल्याच दिवशी कागदावर यावा.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी फोनवर दादाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते ठीक आहे. पण आमच्या चौकात ठेवलं तर पावसाळ्यात पुसणार कोण, ते आधी लिही."