लिनक्सला मोबाइलचे नेट चालते, ड्रायव्हरला पैसे मोजू नका

आमच्या वाळपईकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘लिनक्सच्या लॅपटॉपला मोबाइल मोडेम म्हणून चालत नाही, ड्रायव्हर विकत घ्यावा लागतो.’ हे चूक आहे. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, लॅपटॉप चालवणारी प्रणाली.)

अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर (फोन लॅपटॉपशी जुळवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो, आणि तो फुकट आहे. केबल जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ (केबलने फोनचे नेट लॅपटॉपला देणे) चालू करा. काही सेकंदांत लॅपटॉपवर वायर्ड कनेक्शनची खूण येते. लॅपटॉपला फोन म्हणजे एक नेटवर्क कार्डच वाटतो. पासवर्ड नाही, *९९# डायल करणे नाही. ते जुन्या बटणांच्या फोनचे दुखणे. मेसेज बहुधा तिथूनच आलाय.

मग काहींचे अडते कुठे? बहुतेकदा केबलमध्ये. पावसात लाइट गेली, राउटर बंद पडला, म्हणून परवा मीही फोन जोडला. चार्जिंग सुरू, पण टेदरिंगचे बटण फिकट, दाबताच येईना! केबल स्वस्तातली, नुसत्या चार्जिंगची होती. फोनच्या डब्यातली लावली नि काम झाले.

आयफोनचे थोडे वेगळे: ‘यूएसबीमक्सडी’ हे पॅकेज लागते (उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात ते सहसा असतेच) आणि फोनवर ‘ट्रस्ट’ दाबावे लागते. तेही फुकटच.

एक मात्र सांभाळा. लॅपटॉपवर जोडणी ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेली) करून ठेवा, नाहीतर अपडेट उतरवता उतरवता दिवसाचा डेटा दुपारीच संपेल.