शनिवारचा रोजमेळ

शनिवारी संध्याकाळी जळगावच्या एमआयडीसीतून अजिंठा चौफुलीकडे येणारा रस्ता बघा. सायकली, मोटारसायकली, रिक्षा, हँडलला लटकलेल्या डब्याच्या पिशव्या. आठवड्याचा पगार हातात पडलेली माणसं मोकळ्या चेहऱ्यानं घरी चाललेली असतात. त्याच वेळी आत ऑफिसात मालक बसलेला असतो. समोर फोन, अर्धवट बिलं, गार झालेला चहा. मिल बंद झालेली असते, त्याचा आठवडा मात्र चालूच असतो. सतरा वर्षं मी असाच बसलो. छोटी डाळमिल आहे आपली, तूर आणि हरभरा. आज आपल्या व्यापारी ग्रुपवर जरा मोठं लिहितोय, कारण आपल्यातल्या कितीतरी कारखानदारांचं, दुकानदारांचं हेच चाललंय आणि आपण त्याला मेहनत म्हणतो. मला आता तसं वाटत नाही. हिशोब अर्धवट टाकून उठण्याची ती एक सवय आहे, आणि ती महागात पडते.

वडिलांची आडत होती, म्हणजे शेतमाल दलालीवर विकायची पेढी. तिथे एक मुनीमजी होते. दिवस मावळला की लाल कापडाची रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही पुढे ओढायचे. जमा डावीकडे, नावे (म्हणजे दिलेले पैसे) उजवीकडे. शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळली की खाली दोन रेघा मारायचे, मगच चष्मा काढून डबीत ठेवायचे. एकदा अकरा रुपये जुळेनात म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसलेले मी पाहिलेत. मी तेव्हा नववीत होतो, भूक लागली होती, वैताग आला होता. पण जुळल्यावर ते जे उठले ते पूर्ण उठले. घरी जाताना त्यांच्या डोक्यात आडत नसायची. दुसऱ्या दिवशी कोरं पान.

तेव्हा मुनीमजींना बाहेरूनही आधार होता, हे मला फार उशिरा कळलं. बँक बंद झाली की पैसा थांबायचा. मार्केट यार्ड बंद झालं की भाव थांबायचा. सहानंतर कुणी फोन केलाच तर पेढीवरचा एकच फोन वाजायचा, आणि पेढीला कुलूप असायचं. म्हणजे आठवडा दुसरंच कुणीतरी बंद करून द्यायचं. आता तसं काही राहिलं नाही. 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळाली, पण पैशाची सुट्टी गेली. बँकेतून पैसे पाठवायची एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, मोठ्या रकमांची आरटीजीएसही डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, आणि यूपीआय तर आधीपासूनच. रविवारी सकाळी आंघोळीला जाताना पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा मेसेज येतो, 'पेमेंट टाकलं, गाडी भरा'. या सोयींबद्दल माझी तक्रार नाही. अडीअडचणीला रविवारी पैसे येतात, ही मोठी गोष्ट आहे. पण दिवसाचं दार लावणारं बाहेर कुणी उरलं नाही, तर ते आपल्यालाच लावावं लागतं. आम्ही बहुतेक जण ते लावत नाही. उघडं ठेवून झोपतो.

मला हे समजलं ते नुकसान होऊन.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. नवी तूर जोरात चालू होती. टरफल खरवडणाऱ्या रोलमधून एक फेर काढून, तेल लावलेली साठेक क्विंटल तूर कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या अंगणात वाळत होती. तूर उन्हात चांगली वाळली तरच टरफल सुटतं, हे डाळमिलवाल्यांना सांगायला नको. शनिवारी पाचच्या सुमारास एका दलालाशी वजनावरून वाद सुरू झाला. काटापावती आमची वेगळी, त्यांची वेगळी. तासभर फोनवरच गेला. डोकं तापलं, तसाच गाडी काढून घरी आलो. मिलमध्ये फेरी मारली नाही. पोरांनी तूर गोळा करून ढीग केले होते, ताडपत्री टाकली होती, पण दोन बाजूंनी दोऱ्या बांधायच्या राहिल्या होत्या. त्यांनाही पगार घेऊन जायची घाई. रात्री दीडला वारा सुटला आणि अवकाळी आला.

रविवारी सकाळी आठला पोचलो तेव्हा ताडपत्री कुंपणाला अडकलेली. ढिगाखालून पाणी वाहून गेलेलं, वरची तूर फुगलेली, हातात घेतली तर एकमेकींना चिकटत होती. आमचा जुना माणूस बाजूला उभा. म्हणाला, "भाऊ, मी सांगेल होतं त्यायले, दोरी बांधा. तुम्ही एक चक्कर मारली असती तं दिसलं असतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. खरं तेच तो बोलला. ती तूर पुन्हा वाळवली, डाळही काढली, पण लालसर निघाली, तुकडा जास्त पडला, चुनी (डाळीचा चुरा) वाढली. फटक्याच्या, म्हणजे एक नंबर डाळीच्या भावात जायची डाळ कुठल्या भावात गेली ते लिहीत नाही. वजनाचा तो वाद पुढच्या बुधवारी दहा मिनिटांत मिटला. शनिवारी त्याच्यावर घालवलेल्या तासाची काहीच गरज नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे शनिवारी चारनंतर मालाची गाडी आत घ्यायची नाही. आधी पगार. हमाल आणि निवडणाऱ्या बायांचा पगार उजेड असतानाच झाला पाहिजे, त्यावर मी ठाम आहे. आपल्याकडे मजुरी आठवडी बाजाराच्या हिशोबानं ठरते. गावाकडे अजूनही लोक 'बाजाराचे पैसे' म्हणतात. त्या बाईला तेल, मसाला, पोरांच्या वह्या घेऊन घरी स्वयंपाक करायचा असतो. तिला सात वाजेपर्यंत बसवून ठेवणं म्हणजे तिचीच संध्याकाळ आपण खाणं.

पगार झाला की मी एकटा फेरी मारतो. फोन ऑफिसात ठेवून. चाळणीपासून सुरुवात, मग एलिव्हेटर, रोल, सॉर्टेक्स (रंगावरून डाळ निवडणारं मशीन), गोदाम, बारदान, शेवटी कोबा. वीसेक मिनिटं लागतात. मशीन बंद असताना मिल वेगळी दिसते. चालू असताना आवाज आणि धुळीत जे लक्षात येत नाही ते बंद असताना दिसतं. सैल झालेला पट्टा, बेअरिंगखाली पडलेला तेलाचा डाग, थप्पीच्या मागे उंदरानं कुरतडलेलं पोतं. मागच्या महिन्यात स्विचबोर्डाजवळ हात नेला तर पत्रा गरम लागला. सोमवारी वायरमन बोलावला. दर शनिवारी असं काही सापडतंच असं नाही, पण फेरी मारल्याशिवाय मी निघत नाही.

मग वही. मोबाइलमध्ये लिहीत नाही, कारण मोबाइल उघडला की मेसेज दिसतात. वहीत गोदामातला साठा लिहितो, कच्चा किती, तयार किती. ही सवय सरकारी आदेशानं लागली. 2024 मध्ये तूर-हरभऱ्यावर साठा मर्यादा होती, दर आठवड्याला पोर्टलवर साठा भरावा लागायचा, तेव्हा आम्ही सगळ्यांनी कुरकुर केली. मीही केली. पण त्या काही महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं की माझ्या अंदाजात आणि गोदामातल्या पोत्यांत किती फरक पडतो. मर्यादा उठली, मोजणी मी चालूच ठेवली. त्याखाली येणं, म्हणजे लोकांकडून यायचे पैसे. कुणाचं बिल पंचेचाळीस दिवसांपुढे गेलं ते लाल पेनानं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. एप्रिल 2024 पासून ही तरतूद लागू आहे. आपल्यातल्या किती जणांनी आपल्या पार्टीला हे एकदा तरी शांतपणे सांगितलंय? वसुलीचे फोन मात्र मी शुक्रवारी सकाळीच उरकतो. शनिवारी संध्याकाळी पैशासाठी फोन करायचा नाही. समोरचा देत नाही, आणि दोघांचाही रविवार नासतो.

शेवटी पुढच्या आठवड्यात कुठली तारीख पडते ते बघतो. सातला कापलेला कर म्हणजे टीडीएस, अकराला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-वन, पंधराला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटीचं दुसरं विवरण थ्री-बी. सीएच्या ऑफिसातून फोन आल्यावर धावपळ करण्यापेक्षा शनिवारी दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या. आणि सोमवारी सकाळी पहिलं काम कोणतं, ते एकच लिहितो. पाच लिहिली की रविवारी ती पाचही डोक्यात फिरतात. शेवटी मुनीमजींसारख्या दोन रेघा मारतो. हे वाचून कुणाला काही वाटो, पण त्या रेघा मारल्या की खांद्यावरचं उतरतं.

सगळ्यात अवघड गेलं ते भावाचं. सगळ्या दलालांना आणि पार्ट्यांना सांगितलं, शनिवारी पाचनंतर भाव मिळणार नाही, सोमवारी साडेनऊला मिळेल. पहिले दोन महिने बोलणी खाल्ली. एका जुन्या पार्टीनं माल घेणं बंद केलं. ती गेली ती गेलीच, परत आली नाही, आणि तिचा धंदा लहान नव्हता. हे लपवून ठेवलं तर बाकीचं सगळं खोटं वाटेल. तरी मी निर्णय बदलला नाही, त्याला एक कारण आहे.

डिसेंबरात आम्ही सासुरवाडीला बामणोदला भरीत पार्टीला गेलो होतो. ताडपत्रीच्या प्रकरणाआधीची गोष्ट. बामणोदची वांगी म्हणजे काय ते खान्देशी माणसाला सांगायची गरज नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, मुसळानं ठेचलेली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वरून शेंगदाणे. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. पंचवीस माणसं शेतात पंगतीला बसलेली. मी बांधावर फोन कानाला लावून उभा. सासऱ्यांनी दोनदा हाक मारली. बायको पान घेऊन बांधापर्यंत आली, म्हणाली, "तुम्ही जेवू राह्यले का बोलू राह्यले? एक काहीतरी करा." मी हातानंच थांब म्हणालो. परत आलो तेव्हा पंगत उठून भांडीसुद्धा घासायला गेली होती. माझ्या पानावरचं भरीत गार, तेल गोठलेलं. सासरे काही बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते पंगतीला नव्हते. त्या दिवशी फोनवर कोणतं काम होतं ते मला आज आठवतसुद्धा नाही. हाका आठवतात.

एक गोष्ट आपण विसरतो. रविवारची सुट्टी या देशातल्या कामगाराला आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक माणसानं 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली. तोवर गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. आज आपल्याकडच्या माणसाला ती कायद्यानं मिळते आणि मिळालीच पाहिजे. मालकासाठी मात्र कुणी मोर्चा काढणार नाही, कायदा होणार नाही. त्याची सुट्टी त्यालाच मान्य करायची आहे. आणि मालकानं केली नाही की सुपरवायझर, हिशोबनीस, ड्रायव्हर कुणाचीच खरी सुट्टी होत नाही, कारण रविवारी आपला फोन त्यांनाच जातो. माझ्या हिशोबनीस पोरीनं सांगितलं होतं, "भाऊ, तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की घरातले सगळे गप्प होतात." मला ते लागलं. अजून लागतं.

काही जण म्हणतील, तुझं मिलचं काम आहे, तुला जमतं. सराफाचं, कपड्याचं, हॉटेलाचं गिऱ्हाईक रविवारीच येतं. बरोबर आहे. मग मंगळवार बंद करा, बुधवार करा. वार कुठलाही चालेल, पण आठवड्याला एक शेवट पाहिजे. सीझनला, जानेवारी ते मार्च, मलाही पूर्ण रविवार मिळत नाही, दुपारपर्यंत मिल चालते. तेव्हा फेरी आणि वही रविवारी दोनला होते. चुकवत नाही.

आणि ते रील्स, 'मी रविवारीही काम करतो म्हणून पुढे गेलो' वाले, ते आपल्या व्यापारी ग्रुपवर टाकणं थांबवा ही हात जोडून विनंती. विशी-पंचविशीतली पोरं ग्रुपमध्ये आहेत, नुकताच धंदा सुरू केलाय त्यांनी. त्यांना वाटतं थकणं म्हणजेच धंदा. त्यांना साठा मोजायला शिकवा, उधारी किती द्यायची ते शिकवा, वही बंद करायला शिकवा.

लिहिता लिहिता सहा वाजले. पगार होऊन गेले, बाया गेल्या, गेटवर फक्त वॉचमन आहे. आभाळ स्वच्छ आहे, तरी मघाशी कोब्यावर जाऊन ताडपत्रीची प्रत्येक दोरी हातानं ओढून पाहिली. मागच्या कोपऱ्यातली एक सैल होती. ती सोडून पुन्हा बांधली. आता वहीत दोन रेघा मारतो आणि निघतो.