टाकीत अळ्या निघाल्या. होय, आमच्याच.

सकाळी आशाताई आल्या, डेंग्यूच्या सर्व्हेला. खालचा हौद बघितला, रांजण बघितला, फ्रिजमागचा ट्रेसुद्धा ओढून बघितला. "वर काही आहे का दादा?" मी बिनधास्त म्हणालो, "वर काय नाही." गल्लीत सगळे हेच सांगतात. तुम्हीपण सांगता, उगं साळसूदपणा करू नका. पण आईला कुठं राहवतंय! "हाय की वं, माळ्यावर टाकी हाय." बाई पदर खोचून शिडी चढल्या, टॉर्च मारला आणि मला वर बोलावलं. पाण्यात बारीक बारीक वळवळ. उजेड पडला की सगळ्या खाली बुडी मारायच्या, परत वर.

राग आला राव. आधी त्या बाईंचाच. लातूरच्या माणसाला पाण्याचं कुणी शिकवावं? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय आपण. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि त्याच महिन्यात मी काय केलं? विकतच्या टँकरचं पाणी हौदातून वर चढवायला मोटार लावली आणि ओट्यावर फोन बघत बसलो. ओव्हरफ्लोच्या पाइपात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर केलेलं. त्यामुळं टाकी भरली तरी बाहेर धार पडलीच नाही. पाणी काठावरून फळ्यांवर, तिथून मातीच्या भिंतीत. आण्णा एक शब्द बोलले नाहीत. बनियनवर उकिडवे बसले आणि फडक्यानं टिपून टिपून बादलीत पिळत राहिले. दीड बादली निघालं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता लगेच सल्ले सुरू होतील. "ती टाकी काढा, गच्चीवर काळी बसवा." अरे, आमच्या घराला गच्ची नाही, माळवद आहे! हजार लिटर म्हणजे एक टन वजन. ते मातीच्या छतावर ठेवू? आण्णांनी ही पाचशेचीच घेतली, तीपण बरोबर दोन भिंतींच्या कोपऱ्यावर, आडव्या सागवानी फळ्या टाकून. तुळईच्या मधोमध नाही. इंजिनियर नव्हते ते. शिवाय मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटके देतं, आमचं नाही. माळ्यात वाकून वाकून कंबर मोडते, हे मात्र खरंय.

चूक कुणाची, तर माझीच. मोटारीचा पाइप झाकणातून आत सोडलाय, म्हणून झाकण चार बोटं उघडं. चार वर्षं "उद्या भोक पाडून घेतो" चाललंय. नळ येतो आठ-दहा दिवसांनी. डासाला अंड्यापासून पंख फुटायला तेवढे दिवस रग्गड झाले. आणि नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही म्हणे. अंडी कडेला चिकटतात, कोरड्यात महिनोन् महिने तग धरतात, पाणी आलं की फुटतात. घासावंच लागतं. हे त्या बाईंनी मला दोनदा सांगितलं, न चिडता. आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो होतो.

दुपारी चढलो. बाहेर जाणारा पाइप तळापासून दोन बोटं वर असतो, गाळ नळात येऊ नये म्हणून. म्हणजे शेवटचं पाणी मगानंच उपसावं लागतं. खाली हात घातला तर चहाच्या गाळासारखा मऊ थर. त्यात एक पाल. आईला सांगितलेलं नाही, कुणी कमेंटमध्ये लिहू नका, ती वाचते. काथ्यानं कडा घासल्या, ब्लिचिंगचं पाणी फिरवलं, तेही उपसलं. ओव्हरफ्लोच्या पाइपात तार घातली.

परत कुंभारणीचं घर. त्याच जागी.

तिथंच बसून राहिलो जरा वेळ. फडकं पिळताना आण्णांच्या बोटांवरून गढूळ पाणी ओघळत होतं ते आठवलं, आणि ते पाणी त्यांनी फेकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या लिंबाला घातलं.

उद्या नळ आहे. पाइपाच्या तोंडाला जाळी बांधलीय, झाकणाला भोक पाडलंय. आशाताई दारावर खडूनं तारीख टाकून गेल्यात, पुढच्या आठवड्यात परत बघायला येणार म्हणाल्या. आई आत्ता ते पुसायला फडकं घेऊन निघाली होती. म्हटलं राहू दे, फडकं इकडं दे, मला वर लागणार आहे.